चुंबकावरची एकवीरा

नकाशा एवढा मोठा होता की तो फक्त स्वयंपाकघरातच मावला. प्रितेशने तो फरशीवर पसरला आणि गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, दुसऱ्यावर तांदळाचं माप, तिसऱ्यावर तेलाची बरणी ठेवली. चौथा कोपरा आईच्या मांडीखाली गेला होता आणि जानकीबाई सरकायला तयार नव्हती.

"आई, तू ऑस्ट्रेलियावर बसलीस."

"बसू दे. तुला तिकडं जायचं हाय?"

"नाय."

"मंग झालं."

प्रितेशची मोठी बहीण सुकन्या दाराच्या चौकटीला टेकून हसली. बाबा चैत्रात गेले, त्यानंतर या घरात असं काही बोललं गेलं की आधी प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून घ्यायचा, हसायचं की नाही म्हणून.

प्रितेशचं काम असं होतं की लहान विमानं एका देशातून दुसऱ्या देशात उडवत पोचवायची. विकत घेणारा एकीकडे, विकणारा दुसरीकडे, आणि मधलं अंतर याच्यासारख्या कोणीतरी कापायचं. आतापर्यंत त्याने ते कोणाच्या तरी शेजारी बसून, समुद्र न ओलांडता केलं होतं. आता खानदेशातल्या एका विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेने कॅनडात एक जुनं विमान घेतलं होतं. चार माणसांचं, एकाच इंजिनाचं. ते त्याला एकट्याने आणायचं होतं.

मार्ग तो बोटाने दाखवत होता. न्यूफाउंडलंड नावाचं बेट, तिथून अटलांटिक ओलांडून अझोर्सची बेटं, मग पोर्तुगाल, माल्टा, इजिप्त, बहारीन, मस्कत, आणि शेवटी अहमदाबाद. बोट सगळीकडे टेकत टेकत गेलं, पण पहिल्या निळ्यावरून मात्र सरकन गेलं. सुकन्याच्या ते लक्षात आलं.

"इथे किती?" तिने विचारलं.

"कुठे?"

"जिथे तू बोट टेकवलं नाहीस तिथे."

प्रितेशने मान खाजवली. "अडीच हजार किलोमीटर. थोडं कमीच."

सुकन्या वडपे नाक्यावर केसरीनाथकाकांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला होती. गोदामातून निघालेली गाडी कुठल्या रस्त्याने जाईल, डिझेल कुठे भरेल, ड्रायव्हर कुठे झोपेल हे ती ठरवायची. अंतर ऐकलं की तिच्या डोक्यात आपोआप रस्ता उलगडायचा. इथून जवळजवळ गुवाहाटी, ती मनात म्हणाली. आणि मधे एक ढाबा नाही, एक पंप नाही, बाजूला घ्यायला रस्त्याची कडसुद्धा नाही.

"मागच्या सीटा काढून तिथे जादा पेट्रोलची टाकी बसवलीय," प्रितेश सांगत होता. "अकरा-बारा तास लागतील. चौदा तासांचं पेट्रोल आहे."

"आनि लघवीला?" आईने विचारलं.

"बाटली."

"शी. एवडा शिकून बाटली."

"आणि इंजिन बंद पडलं तर?" हे सुकन्याने विचारलं. आवाज अगदी ऑफिसातला ठेवून.

"तर रबरी सूट असतो. भगव्या रंगाचा. आणि फुगवायची होडी." तो तिच्याकडे न बघता तेलाची बरणी नीट करत राहिला. "पडत नाय बंद, ताय. काकांच्या गाड्यांपेक्षा जास्त निगा ठेवतात."

भिवंडीच्या वाचनालयातून लहानपणापासून सुकन्याने समुद्रप्रवासाची, ध्रुवावरच्या स्वाऱ्यांची पुस्तकं आणली होती. त्या पुस्तकांत थंड पाण्यात पडलेल्या माणसाला किती वेळ मिळतो ते लिहिलेलं असे. तेव्हा ते वाचताना तिला गोधडीत छान ऊब वाटायची.

पुढचे दिवस ती प्रितेशबरोबर आखणी करत राहिली. कुठल्या विमानतळावर रात्री पेट्रोल मिळत नाही, कुठे परवानगी आधी मागावी लागते, कुठे शुक्रवारी ऑफिस बंद. भीतीला हाताशी काम दिलं की ती गप्प बसते हे तिला ठाऊक होतं. जानकीबाईला मात्र असं काही काम नव्हतं. ती भाकऱ्या थापायची आणि मधेच थांबून देव्हाऱ्याकडे बघत राहायची.

देव्हाऱ्यात एक अंगठ्याएवढी एकवीरा होती, पितळेची. तिच्या बुडाला जाड नाण्याएवढं चुंबक. सुकन्याच्या बाबांच्या, हिरामणच्या, ट्रकमध्ये, समोरच्या काचेपाशी, ती कितीतरी वर्षं उभी होती. कसाऱ्याच्या घाटात कितीही हादरे बसले तरी हलायची नाही. चैत्रात, कार्ल्याच्या यात्रेआधी, जानकीबाईने तिला चिंचेने घासायला म्हणून घरात आणलं. घासून, पुसून खिडकीत ठेवली. पहाटे हिरामण नाशिकची गाडी घेऊन निघाला तेव्हा ती खिडकीतच राहिली.

त्या दिवशी सुकन्या ऑफिसात पडद्यावर गाड्यांचे ठिपके बघत होती. बाबांचा ठिपका इगतपुरीच्या अलीकडे थांबला. चहाला थांबले असतील, असं तिला वाटलं आणि ती दुसऱ्या गाडीकडे वळली. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली सापडली. हॅण्डब्रेक ओढलेला. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी आधी गाडी बाजूला घेतली होती.

जानकीबाई त्यावर फक्त एकच वाक्य बोलायची. "ती खिडकीत र्‍हायली." सुकन्याने तिला डॉक्टरांचं सगळं म्हणणं समजावून सांगितलं होतं. जानकीबाईने ऐकून घेतलं होतं, पावसाचा अंदाज ऐकावा तसं.

म्हणून प्रितेश निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, तो मित्रांना भेटायला पडघ्याला गेलेला असताना, आईने त्याची खाकी कापडाची लहान पिशवी समोर घेतली तेव्हा ती काय करणार ते सुकन्याला लगेच कळलं. त्या पिशवीत तो टॉर्च, पेन्सिली, जादा बॅटऱ्या ठेवायचा, आणि विमानात ती कायम समोर काचेखाली ठेवायचा. "माझं दुकान" म्हणायचा तो तिला.

"त्याला सांगून दे ना," सुकन्या म्हणाली.

"सांगलं तर म्हनेल, वजन होतं. तुमाला दोघांना शिकवलं तवापासून सगल्याचं वजन होतं."

आईने पिशवीचं अस्तर उसवलं. एकवीरा आत तळाशी ठेवली, वर जाड कापडाचा तुकडा धरला. तिच्या हाताला कंप होता, सुई ओवली जाईना. शेवटी सुकन्याने दोरा ओठांत ओला केला आणि सुई ओवून दिली. देव असतो की नाही याबद्दल तिने बरंच वाचलं होतं. पण त्या वेळी तिला फक्त एवढंच दिसलं की आईचा हात सुई मिळाल्यावर थांबला.

प्रितेश गेला. कॅनडातून त्याचे फोन येऊ लागले. विमान पांढरं होतं, शेपटीवर एक निळा पट्टा. टाकी बसली. हवा वाईट होती, मग बरी झाली. एका दुपारी त्याने व्हिडिओ लावला. तिकडे सकाळ होती. तो विमानातच बसला होता आणि मागे कोणीतरी पाना आपटत होतं.

"आज रात्री निघतोय. वारा पाठीमागून आहे, असा परत आठवडाभर मिळणार नाय. म्हणजे तुमच्याकडे उद्या पहाटे. फक्त हा कंपास जरा रुसलाय."

त्याने फोन समोर धरला. काचेच्या मधोमध एक लहान गोल डबी होती, द्रवात तरंगणारी तबकडी असलेली. साधं होकायंत्र.

"याला काय झालं?" सुकन्याने विचारलं.

"बावीस अंश चुकतोय. परवापर्यंत ठीक होता. मेकॅनिक म्हणतो, टाकीच्या पंपाच्या वायरमुळे असेल. वायर बदलायला वेळ नाय. म्हणून विमान एकेका दिशेला तोंड करून उभं करतात, चूक मोजतात आणि त्याचं कार्ड लावतात. कार्ड बघून तेवढं वजा करायचं."

"तुझ्याकडे जीपीएस आहे ना?"

"दोन आहेत. ह्याची गरज कधी पडते? सगळी वीज गेली तर. याला वीज लागत नाय, म्हणून तर ठेवतात."

बोलता बोलता त्याने काचेखालच्या खाकी पिशवीतून टॉर्च ओढला. टॉर्चबरोबर सगळी पिशवीच उचलली गेली. त्याने ती झटकली, टॉर्च सुटला. "हूक अडकतो कुठेतरी," तो म्हणाला.

सुकन्याला अस्तरातलं चुंबक आठवलं. टॉर्च पोलादी होता. तिने आईकडे बघितलं. जानकीबाई फोनच्या पडद्यात मुलाचा चेहरा शोधत होती आणि तिचा हात सुकन्याच्या गुडघ्यावर होता.

"प्रितेश, ऐक—"

"ताय, ते बोलावतायत हवामान सांगायला. करतो नंतर."

पडदा काळा झाला. तिने लगेच परत लावला. वाजला नाही. मेसेज पाठवला: पिशवीत चुंबक आहे, पिशवी काढून टाक. एकच खूण आली, तो पोचल्याची दुसरी येईना. त्या विमानतळावर फोनला रेंज फक्त विमान उभं होतं त्या बाजूला आहे, हे त्यानेच सांगितलं होतं.

मग तिने नकाशा काढला. न्यूफाउंडलंडपासून एक रेघ अझोर्समधल्या त्याच्या बेटाकडे, दुसरी बावीस अंश सरकवून. सांता मारिया बेट टाचणीच्या डोक्याएवढं होतं. दुसरी रेघ त्याच्यापासून वीतभर लांब, नुसत्या निळ्यात संपली. आणि याहून वाईट गोष्ट तिच्या मागाहून ध्यानात आली. कार्ड लावलं तरी ते पिशवी काचेखाली असतानाचं. अंधारात वीज गेली की तो पहिल्यांदा काय करेल? टॉर्च काढायला पिशवी मांडीवर घेईल. पिशवी हलली की काटा खरा होईल आणि कार्ड खोटं. तो खऱ्यातून बावीस वजा करेल आणि मनापासून, काळजीपूर्वक, चुकीच्या दिशेला जाईल.

"काय झालं बाय?" आईने विचारलं.

सांगू नये असं तिला वाटलं. फोन लागला की प्रितेशला गुपचूप सांगावं आणि आईला कळूच देऊ नये. पण मग चिंचेने घासलेल्या त्या मूर्तीचं प्रितेश काय करेल, ते तिला माहीत नव्हतं. आणि त्याला काही झालंच, तर आईला वाटेल की निदान एकवीरा त्याच्यासोबत होती. किंवा प्रितेशने ती काढून टाकली होती हे कळलं, तर वाटेल की पुन्हा ती नव्हती म्हणूनच. दोन्ही बाजूंनी विहीर.

तिने फ्रिजवरून स्ट्रॉबेरीचं चुंबक काढलं. महाबळेश्वरहून कोणीतरी आणलेलं. फोनमध्ये होकायंत्र उघडून ओट्यावर ठेवलं.

"हा काटा उत्तर दाखवतो. देव्हारा पूर्वेला आहे ना, बरोबर? आता बघ."

स्ट्रॉबेरी जवळ नेली तसा काटा थरथरला, वळला आणि देव्हाऱ्याकडे जाऊन राहिला. बाजूला घेतली, परत गेला. जानकीबाईने तिच्या हातातून चुंबक घेतलं आणि स्वतः करून बघितलं. दोनदा. मग ते ओट्यावर उपडं ठेवलं.

"त्याच्या यंत्राला आपली एकवीराआई असंच करते?"

"तिच्या बुडाचं चुंबक करतं."

जानकीबाईने ओट्याची कड धरली. "नव्हती म्हनून बाप गेला," ती म्हणाली. "आता हाय म्हनून पोर जाईल?"

सुकन्याने पुन्हा फोन लावला. वाजला नाही.

आई पदर खोचून मागच्या दाराने बाहेर गेली. बाबांचा ट्रक मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा होता. तो कोणी चालवलाही नव्हता आणि विकलाही नव्हता. सुकन्या मागोमाग गेली. जानकीबाईने केबिनचं दार उघडलं, चाकावर पाय देऊन वर चढली आणि बाबांच्या जागी बसली. काचेखाली धूळ साचली होती. मधे एक गोल जागा होती, नाण्याएवढी, तिथला रंग मूळचा, तकतकीत. जानकीबाईने त्या गोलावर बोट ठेवलं.

"आधी चुंबक नव्हता," ती म्हणाली. "तू लहान होतीस. नुसती ठेवायचे. घाटात पडायची. एकदा ब्रेकखाली गेलेली, पायानं काढली म्हनून महिनाभर चप्पल न्हाय घातली यांनी. मंग जुना स्पीकर फोडला आनि त्याचा चुंबक लावला." बाहेर हायवेवर कंटेनर चालले होते, त्यांचा आवाज ताडपत्रीतून येत होता. "देवीनं न्हाय सांगलेलं, मना चिकटव म्हनून. यांची हौस."

त्याच वेळी सुकन्याच्या हातातला फोन वाजला.

"ताय, हा कसला मेसेज?" प्रितेशचा आवाज धापा टाकल्यासारखा होता. "चुंबक कोणी ठेवला?"

"आम्ही. अस्तरात. बाबांची एकवीरा आहे."

"आम्ही म्हणजे? तू पण?"

"सुई मी ओवून दिली."

"अगं, तू तरी—" तो चिडला होता, आणि घाबरलाही होता, कारण त्याला आता कळत होतं की तो काय घेऊन निघाला असता. "आईने केलं असतं तर समजलो असतो. तू, ताय?"

जानकीबाईने फोन तिच्या हातातून घेतला.

"पोर्‍या, तिला ओरडू नको. सुरी हाय का तुज्याकडं? तिला चुंबकावरनं उतरव."

"आई, तुटेल ती."

"न्हाय तुटत. पितल हाय. मधी सुरी घाल आनि पिरगल. तुज्या बापानं कितीदा पाडलेली तिला, न्हाय रागवली. पितलेचं न्हाय ना काय होत तुज्या काट्याला?"

"नाय," प्रितेश हळूच म्हणाला. "पितळेचं नाय होत."

व्हिडिओत त्यांनी बघितलं. त्याने अस्तर फाडलं, मूर्ती काढली, कपाळाला लावली. सुरीचं टोक घालून पिळलं. जुना गोंद कट्‌कन सुटला. ते चुंबक त्याने मेकॅनिकच्या हातात दिलं. मेकॅनिक ते घेऊन लांब हँगरच्या लोखंडी दाराकडे चालत गेला तशी डबीतली तबकडी आपोआप फिरली, झोपेतून उठल्यासारखी, आणि स्थिर झाली. चूक दोन अंश उरली. कार्ड नव्याने लिहिलं गेलं.

सुकन्याला वाटलं होतं, आता बरं वाटेल. पण इंजिन अजून एकच होतं. पाणी तेवढंच होतं आणि तेवढंच थंड.

पहाटे त्याचा मेसेज आला. येतो.

ऑफिसात तिने पडद्याच्या एका कोपऱ्यात प्रितेशच्या विमानातल्या यंत्राकडून येणाऱ्या खुणांचा नकाशा उघडून ठेवला. बाकीच्या जागेत नाशिक, धुळे, वापीच्या गाड्या. कोपऱ्यात नुसतं निळं आणि त्यात एक ठिपका, थोड्या थोड्या वेळाने पुढे उडी मारणारा. जानकीबाई डबा घेऊन आली. या ऑफिसात ती कधीच आली नव्हती. केसरीनाथकाकांनी खुर्ची पुसून दिली.

"वहिनी, आमच्या गाड्यापन बघा जरा. पोराच्या गाडीला ट्रॅफिक न्हाय, आमची धुळ्याची अडकलीय."

"तुमच्या ड्रायवरला म्हनावं, बाटली ठेव," जानकीबाई म्हणाली. काकांना काही कळलं नाही. सुकन्याला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले, म्हणून ती पडद्याकडे वळली.

दुपारी ठिपका थांबला.

आधी तिला वाटलं, पडदा अडकला असेल. तिने ताजा करून बघितला. तिथेच. मध्य समुद्रात, कशाच्याही जवळ नाही. काका फोनवर कोणाशी तरी हिंदीत भांडत होते. चहाला थांबले असतील, हे वाक्य तिच्या डोक्यात स्वतःहून आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"चाललाय ना?" आईने विचारलं.

आईला दिसत नव्हतं, चष्मा घरी होता. हो म्हणता आलं असतं.

"थांबलाय," सुकन्या म्हणाली. "खूण येत नाही. यंत्र बिघडलं असेल, नाहीतर त्यालाच काही झालं असेल. मला माहीत नाही."

जानकीबाईने मान हलवली. खुर्ची ओढून तिच्याशेजारी आणली, इतकी जवळ की दोघींची कोपरं लागली. मग दोघी बघत राहिल्या. सुकन्या दुसऱ्या कुठल्याही गाडीकडे वळली नाही. धुळ्याची गाडी सुटली, काका ओरडले, तरी नाही.

मग ठिपक्याने एकदम मोठी उडी मारली. मधल्या सगळ्या खुणा एकत्र आल्या, एका सरळ रेषेत, बेटाच्या दिशेने. जानकीबाईला ती रेघ अंधुक दिसली असावी, कारण तिने बोट पडद्यावर ठेवलं आणि त्यावरून फिरवलं.

चार वाजून गेल्यावर ठिपका टाचणीच्या डोक्यावर पोचला आणि पुन्हा थांबला. या वेळी जमिनीवर. तरीही सुकन्याने श्वास सोडला नाही. थांबलेल्या ठिपक्यावर विश्वास ठेवायला ती शिकलीच नव्हती. फोन वाजला तेव्हा तो आईने उचलला.

"पोचलो," प्रितेश म्हणाला. मागे वारा होता, आणि इंजिनाचा आवाज नव्हता.

"ती कुठं हाय?"

"समोर. काचेपाशी. चिकटपट्टीनं लावलेली. एकदा पडली, मांडीवर. उचलून परत ठेवली."

"पडते ती," जानकीबाई म्हणाली. तिने फोन सुकन्याकडे दिला, डब्याचं झाकण उघडलं आणि सकाळची भाकरी दोघींत मोडली. घास घेण्याआधी तिने पडद्याकडे बोट केलं.

"आता पुढं केवडं पानी?"

सुकन्याने पोर्तुगालपर्यंतचं अंतर मोजलं.

"याच्या निम्म्याहून जास्त," ती म्हणाली, आणि कमी करून सांगितलं नाही.